ज्वरानंतरची छातीतील कळ आणि रक्तातील दाहाचे आकडे

गेल्या काही वर्षांत आपल्या पेढ्यांवर भावताव, उधारी आणि जीएसटी यांच्या जोडीला आणखी एक शब्द सहजगत्या उच्चारला जाऊ लागला आहे. तो म्हणजे सीआरपी. २०२० व २०२१ या दोन वर्षांतील कोविडच्या साथीने तो घरोघरी पोहोचविला. ज्यांच्या घरी त्या काळात कोणी अंथरुणाला खिळले होते, त्यांनी प्रयोगशाळेच्या कागदावरील तो आकडा सोन्याच्या भावासारखा रोज वाचला आणि नातलगांस दूरध्वनीवरून कळविला. आकडा चढला की घरात कोणाला घास गोड लागत नसे, उतरला की सर्वांचा जीव भांड्यात पडे. साथ ओसरली, परंतु आकडा पाहण्याची सवय मात्र मागे राहिली. आज साधा फ्लू होऊन गेलेला मनुष्यदेखील आठवड्याभराने छातीत कळ आली की प्रथम जवळच्या प्रयोगशाळेत जाऊन रक्त देतो आणि हाती पडलेला कागद घेऊन मग डॉक्टरांचा शोध करू लागतो. हा क्रम उलटा आहे. तो सुलटा कसा असावा आणि त्या आकड्यांना खरोखर किती अर्थ असतो, हे व्यापारी वर्गाला उमजेल अशा भाषेत सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

समजा, बेळगावच्या रविवार पेठेतील एका पेढीचे मालक, वय वर्षे बेचाळीस. पावसाळ्याच्या अखेरीस त्यांना ताप आला, घसा धरला, अंग मोडून आले. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि सणासुदीचा माल उतरवून घ्यावयाचा म्हणून पाचव्या दिवशी ते गादीवर हजर झाले. नवव्या दिवशी दुपारी तक्क्याला टेकून बसले असता छातीच्या मध्यभागी सुरी फिरावी तशी कळ आली. दीर्घ श्वास घेतला की ती वाढे, उताणे पडले की अधिकच वाढे, आणि पुढे वाकून मेजावर कोपरे टेकली की बरीचशी हलकी होई. मुनीम म्हणाले, "अण्णा, वायूचा जोर दिसतो, सोडा घ्या." घरी आईने ओव्याची पुरचुंडी करून शेकायला घेतली. इंदूरहून मामांचा दूरध्वनी आला, "अरे, ताप गेल्यावर असं होतंच, दोन दिवसांत जाईल." धाकटा भाऊ तेवढा एकच म्हणाला, "अण्णा, काही ऐकायचं नाही, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

या चौघांत बरोबर कोण? निःसंशय धाकटा भाऊ. पुढे निदान सौम्य निघाले तरीही बरोबर तोच. कारण छातीतील वेदनेच्या बाबतीत पहिला प्रश्न 'हे काय आहे?' हा नसून 'हे काय नाही?' हा असतो. हृदयाच्या रोहिणीत गुठळी अडकून येणारा झटका नाही, हे प्रथम ठरावे लागते. ताप येऊन गेला आहे म्हणून झटक्याची शक्यता कमी होते, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील रुग्णांच्या नोंदी तपासून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या इन्फ्लुएन्झानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण त्याच माणसांच्या इतर काळातील प्रमाणाच्या सुमारे सहापट आढळले. ज्वराच्या दाहाने रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, नाडी जलद चालते, रोहिण्यांच्या भिंतीवरील जुनी पुटे अस्थिर होतात. ज्याला मधुमेह आहे, रक्तदाब आहे, किंवा तंबाखूचे व्यसन आहे, त्याच्या बाबतीत तर 'तापानंतरची कळ' हे शब्द समाधान देणारे नसून सावध करणारे मानले पाहिजेत.

यास्तव ईसीजी ताबडतोब काढावा. पहिला ईसीजी निर्दोष आला म्हणून लगेच घरी परतण्याची घाई करू नये. तो काही वेळाने पुन्हा काढावा लागतो, आणि ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा करावी लागते. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतील प्रथिन असून स्नायूला इजा झाली तरच ते रक्तात लक्षणीय प्रमाणात उतरते. कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम सुटला असेल, धाप लागली असेल, डोळ्यांपुढे अंधारी आली असेल, ओठ निळसर पडले असतील, तर दुकानाची मोटार काढून स्वतः चालवीत जाण्याचे साहस करू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका याच कामासाठी आहे. कित्येक दिवस अंथरुणावर पडून राहिल्यानंतर एका पायाची पोटरी सुजली व एकाएकी श्वास कोंडला, तर पायातील गुठळी फुप्फुसात गेल्याचा संशय घ्यावा लागतो. तेथेही विलंब परवडत नाही.

एवढे सर्व दूर झाले म्हणजे मग ज्वरानंतरच्या कळेचा निवांत विचार करता येतो.

कळ कोठून येते?

छाती म्हणजे केवळ हृदय नव्हे. बरगड्या, त्यांच्या मधील स्नायू, बरगड्यांना छातीच्या हाडाशी जोडणाऱ्या कूर्चा, फुप्फुसावरील पातळ आवरण, अन्ननलिका, हृदयावरील पिशवी आणि खुद्द हृदयाचा स्नायू, यांपैकी कोणीही तक्रार करू शकतो. विषाणूचा मारा यांतील बहुतेकांवर होतो, हे विशेष.

बरगड्यांच्या स्नायूंची गोष्ट मोठी मनोरंजक आहे. बाल्टिक समुद्रात बोर्नहोल्म नावाचे डेन्मार्कचे एक बेट आहे. १९३० साली आयनर सिल्वेस्ट या डॅनिश वैद्याने तेथील एका साथीचे वर्णन प्रसिद्ध केले. ताप येई, आणि बरगड्यांत किंवा पोटाच्या वरच्या भागात अशी जबर कळ उठे की रोग्याला श्वास घेणे नकोसे होई. कळ थांबे, पुन्हा उठे, आणि काही दिवसांत मनुष्य खडखडीत बरा होई. तिच्या आकस्मिक विळख्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्या देशांत तिला 'सैतानाची पकड' असे नाव पडले होते. कारण मात्र कोणास ठाऊक नव्हते. १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातील गिल्बर्ट डॉलडॉर्फ आणि ग्रेस सिकल्स हे दोन संशोधक पोलिओसदृश आजार झालेल्या मुलांची तपासणी करीत असता त्यांना एक नवाच विषाणू सापडला. ती मुले हडसन नदीकाठच्या कॉक्सॅकी या गावची होती, म्हणून विषाणूलाही तेच नाव मिळाले. लवकरच असे दिसून आले की, बोर्नहोल्मची ती कळ याच कुळातील 'ब' गटाच्या विषाणूंची करामत आहे. आणि हेच कॉक्सॅकी 'ब' विषाणू हृदयाच्या आवरणाचा व स्नायूचा दाह करणाऱ्यांतही अग्रेसर निघाले. म्हणजे बरगड्यांची निरुपद्रवी कळ आणि हृदयाचा चिंताजनक दाह हे एकाच घराण्याचे दोन वारस असू शकतात. नुसत्या वर्णनावरून या दोहोंत निवाडा करू नये, तो याच कारणाने.

कूर्चेचा त्रास तुलनेने ओळखण्यास सोपा. बोटाने दाबले असता नेमक्या एका ठिकाणी दुखते, खोकल्याने किंवा हात फिरविल्याने वाढते. आठवडाभर खोकून खोकून बरगड्यांचे सांधे शिणलेले असतात, त्यात नवल ते काय? येथे रक्तातील दाहाचे आकडे बहुधा फारसे वाढत नाहीत. तथापि दाबल्यावर दुखते म्हणून हृदय सुटले, असा पक्का हिशेब कोणी मांडू नये. नागिणीची गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे दडून राहतो आणि प्रकृती खालावली की छातीच्या एका बाजूस पट्ट्यासारखी आग करीत वर येतो. पुरळ उमटण्यापूर्वी दोनतीन दिवस केवळ वेदना असते. त्या दोन दिवसांत हृदयाच्या सर्व तपासण्या निर्दोष येतात व घरचे लोक रोग्याला भित्रा ठरवून मोकळे होतात!

आता मुख्य विषय. आपले हृदय एका दुपदरी पिशवीत असते. दोन पदरांमध्ये जेमतेम तीनचार चहाचे चमचे भरेल इतका द्रव असतो आणि त्याच्या वंगणावर हृदय आयुष्यभर सुखाने हलत असते. या पिशवीचा दाह झाला की तिला डॉक्टर पेरिकार्डायटिस म्हणतात. आपण हृदयावरणदाह म्हणू. विषाणूजन्य तापानंतर काही दिवसांनी किंवा दोनतीन आठवड्यांनी तो उद्भवू शकतो. कित्येकदा विषाणू तोवर शरीरातून निघूनही गेलेला असतो, आणि त्याच्याशी लढण्यासाठी जागी झालेली प्रतिकारशक्तीच लढाई संपल्यावरही शस्त्रे खाली ठेवीत नाही. वेदनेची तऱ्हा वर सांगितलीच आहे. उताणे निजल्यावर वाढणारी, पुढे वाकून बसल्यावर ओसरणारी, कधी मानेच्या व खांद्याच्या मधल्या कडेवर जाणारी, अशी ती असते. गादीवर बसणाऱ्या आपल्या व्यापाऱ्याला तक्क्या नकोसा व मेज हवेसे वाटले, याचे कारण तेच.

डॉक्टर छातीला नळी लावतात तेव्हा कधीकधी दोन खरखरीत पदरांचे घर्षण ऐकू येते. १८२४ साली व्हिक्टर कोलँ या फ्रेंच वैद्याने त्याची तुलना नव्या चामड्याच्या करकरण्याशी केली होती, आणि इतक्या वर्षांत तिच्याहून चपखल तुलना कोणास सुचलेली नाही. हा आवाज सकाळी असतो, दुपारी नसतो, संध्याकाळी पुन्हा असतो. म्हणून तो एकदा न ऐकू आल्याने काही सिद्ध होत नाही. विशिष्ट तऱ्हेची वेदना, हे घर्षण, ईसीजीतील ठराविक बदल, आणि ध्वनिलहरींच्या तपासणीत म्हणजे एकोमध्ये दिसणारा नवा द्रव, या चारांपैकी दोन गोष्टी जुळल्या की हृदयावरणदाहाचे निदान करावे, असा संकेत अनेक वर्षे चालत आला आहे. रक्तातील दाहाचे आकडे त्याला पुष्टी देणारे मानतात. त्या आकड्यांना साक्षीदाराची जागा आहे, न्यायाधीशाची नव्हे. आपले लोक मात्र साक्षीदारालाच न्यायासनावर बसवितात.

रोजमेळ आणि खतावणी

दाह मोजण्याच्या दोन तपासण्या सर्वत्र होतात. एक जुनी, ईएसआर. दुसरी तिच्या मानाने नवी, सीआरपी.

ईएसआरची युक्ती साधी आहे. गोठू न दिलेले रक्त एका उभ्या नळीत ठेवावयाचे आणि तांबड्या पेशी एका तासात किती मिलिमीटर खाली बसतात ते पाहावयाचे. पोलंडमधील बिएर्नात्स्की यांनी १८९७ साली या घटनेकडे लक्ष वेधले, स्वीडनचे फोरेउस यांनी १९१८ मध्ये तिचा पुन्हा शोध घेतला, आणि त्यांचे देशबंधू वेस्टरग्रेन यांनी १९२१ साली क्षयरोग्यांवर ती वापरून तिची पद्धत पक्की केली. दाह असला की रक्तात फायब्रिनोजेन हे प्रथिन वाढते, त्यामुळे तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकावर एक चिकटतात आणि जड होऊन लवकर तळाशी जातात. परंतु पंडुरोग असला तरी आकडा चढतो, गरोदरपणात चढतो, वयानुसारही चढतो. ढोबळ मानाने पुरुषाचे वय भागिले दोन, आणि स्त्रीच्या बाबतीत वयात दहा मिळवून भागिले दोन, एवढा आकडा खपवून घेण्याजोगा समजतात. सत्तर वर्षांच्या आजींचा ईएसआर अडतीस आला म्हणून घरात कुजबूज सुरू करण्याचे कारण नाही.

सीआरपीचा जन्म १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये झाला. टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना असे आढळले की, न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तातील एक पदार्थ त्या रोगाच्या जंतूतील 'सी' नावाच्या अंशाशी संयोग पावून साका होऊन बसतो. म्हणून 'सी' शी प्रतिक्रिया करणारे प्रथिन, असे नाव पडले. हे प्रथिन यकृत तयार करते. दाह सुरू झाला की पाचसहा तासांत ते रक्तात वाढू लागते, दोन दिवसांच्या सुमारास शिखर गाठते, आणि कारण दूर झाले की त्याचा साठा सुमारे एकोणीस तासांत निम्मा होतो.

आपल्या भाषेत सांगावयाचे तर सीआरपी हा रोजमेळ आहे व ईएसआर ही खतावणी. आज गल्ल्यात काय आले व काय गेले ते रोजमेळात आजच कळते. खतावणीत जुन्या नोंदी आठवडे न् आठवडे रेंगाळतात. ताप जाऊन तीन आठवडे झाले, सीआरपी निर्दोष आहे, परंतु ईएसआर अद्याप चाळीस आहे, असे झाले तर रोग चालूच आहे असा अर्थ होत नाही. खाते अजून निरस्त झालेले नाही, इतकेच. उलट ईएसआर उतरणीस लागला आणि सीआरपी अकस्मात वर गेला, तर नवीन काहीतरी घडले आहे.

मापाकडे लक्ष देणे हे तर व्यापाऱ्याला शिकवावयास नको. तरीही याच ठिकाणी सर्वाधिक घबराट होते. काही प्रयोगशाळा सीआरपी प्रतिलिटर मिलिग्रॅममध्ये देतात, काही प्रतिडेसिलिटर मिलिग्रॅममध्ये. पहिल्या मापातील बारा म्हणजेच दुसऱ्या मापातील १.२. एके ठिकाणी १.२ आणि दोन दिवसांनी दुसऱ्या ठिकाणी १२ असा कागद आला की घरात रडारड सुरू होते. वस्तुतः आकडा तसूभरही हललेला नसतो. क्विंटल आणि किलो यांचा घोटाळा आपण दुकानात कधी होऊ देणार नाही, मग येथे का होऊ द्यावा? तसेच एचएस-सीआरपी नावाची अतिसूक्ष्म तपासणी निराळ्या प्रश्नासाठी आहे. निरोगी माणसाला पुढील वर्षांत हृदयविकाराचा धोका किती, याचा अंदाज बांधण्यास ती वापरतात. ताज्या तापानंतर ती करून घेऊन तिच्या शेजारी छापलेला 'अधिक धोका' हा शेरा वाचणे म्हणजे पुराच्या दिवशी नदीची सरासरी खोली मोजण्यासारखे आहे.

प्रतिलिटर पाच मिलिग्रॅमच्या आतील सीआरपी बहुतेक प्रयोगशाळा निर्दोष धरतात. साध्या विषाणूजन्य तापात तो काही दशकांपर्यंत चढतो. शंभराच्या पुढे गेला तर जंतूंचा, म्हणजे न्यूमोनियासारख्या रोगाचा, संशय बळावतो. पण ही सीमारेषा पक्क्या भिंतीसारखी नाही. हृदयावरणदाहात जंतू नसतानाही तो शंभराच्या वर जाऊ शकतो. म्हणून आकडा मोठा दिसला की औषधविक्रेत्याकडून परस्पर अँटिबायोटिक आणण्याची जी रीत पडली आहे, ती सर्वस्वी चुकीची आहे. याउलट हृदयावरणदाहाच्या सुमारे पाऊण रोग्यांतच पहिल्या तपासणीत सीआरपी वाढलेला आढळतो. उरलेल्यांत तो निर्दोष असतो, कारण कोणी अगदी लवकर आलेले असतात, तर कोणी आधीच दाहशामक गोळ्या घेऊन आलेले असतात. सीआरपी काय सांगत नाही, हेही ध्यानात असावे. दाह कोठे आहे हे तो सांगत नाही. दाढ किडली तरी तो वाढतो.

क्षयाचे स्मरण

'विषाणूनंतरचे दुखणे' हे नाव सोयीचे आहे, आणि सोयीच्या नावाखाली पुष्कळ काही झाकले जाते. आपल्या देशात हृदयावरणातील किंवा फुप्फुसावरणातील द्रवाचे एक मोठे कारण अद्यापही क्षयरोग हेच आहे. युरोपातील पुस्तकांत विषाणूला जे अग्रस्थान आहे ते डोळे मिटून येथे लावता येत नाही. संध्याकाळी चढणारा बारीक ताप, रात्रीचा घाम, उतरणारे वजन, महिनाभर हटवादीपणाने चढलेला ईएसआर, एकोमध्ये वाढत जाणारा द्रव, यांपैकी काहीही असेल तर क्षयाचा शोध घेतलाच पाहिजे. मुलीच्या सोयरिकीच्या वेळी लोक काय म्हणतील, या भयाने हा संशय दाबून ठेवणारी सुशिक्षित घराणी आजही आहेत. क्षय औषधाने बरा होतो. दडवून ठेवल्यास मात्र हृदयावरण जाड व कडक होऊन हृदयाला कवचाप्रमाणे आवळून टाकते, आणि मग शस्त्रक्रियेवाचून गती राहत नाही.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. घसा दुखल्यानंतर दोनतीन आठवड्यांनी ताप, एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात फिरणारी सूज, धाप, आणि वाढलेले ईएसआर व सीआरपी, हे विषाणूचे काम नसून स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या मागून येणाऱ्या संधिवाती ज्वराचे असू शकते. त्याने हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. 'वाढीच्या वयातील अंगदुखी' म्हणून ते सोडून देऊ नये. मोठ्यांच्या सांधेदुखीत चिकुनगुन्याचे नाव आपल्या भागाला नवे नाही. १९७३ साली बार्शीत आणि २००६ साली कर्नाटकाच्या उत्तर भागात त्याने हाहाकार उडविला होता. त्यानंतरची सांधेदुखी व चढलेले आकडे महिनोन् महिने राहू शकतात.

हृदयाचा स्नायू आणि विश्रांती

दाह पिशवीपुरता राहिला तर बहुसंख्य रोगी पूर्ण बरे होतात. तो खाली स्नायूत उतरला तर त्याला मायोकार्डायटिस म्हणतात. मग वेदनेपेक्षा धाप, धडधड, अनाकलनीय थकवा किंवा चक्कर पुढे येते आणि ट्रोपोनिन वाढतो. येथे एमआरआयचा उपयोग चांगला होतो, कारण स्नायूची सूज व व्रण त्यात दिसतात. कोविडनंतर हा विकार काहींना झाला. एमआरएनए जातीच्या लशींनंतरही तो क्वचित, विशेषतः तरुण पुरुषांत, आढळला. मात्र आपल्या देशात ज्या दोन लशी बहुतांश लोकांना टोचल्या गेल्या त्या या जातीच्या नव्हत्या, हे विवाहसमारंभांतून चालणाऱ्या चर्चांत सहसा कोणी सांगत नाही.

या विकारात विश्रांती हेच औषध. १९७० साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात कॉक्सॅकी विषाणूने बाधित उंदरांना बळेच पोहावयास लावले असता त्यांच्या हृदयात विषाणू कितीतरी अधिक वाढला व मृत्यूही वाढले. असा प्रयोग आपल्या मनाला रुचणारा नाही. परंतु त्यातून निघालेली समज आज माणसांच्या उपयोगी पडते: दाह चालू असताना हृदयावर श्रमाचा भार घालू नये. पूर्वी तीन ते सहा महिने व्यायाम सरसकट बंद करीत. अलीकडे तपासण्या पाहून व्यक्तिगणिक मुदत ठरविण्याकडे कल आहे. दुकानाच्या भाषेत याचा अर्थ असा की गादीवर दोन तास बसणे आणि गोदामात उभे राहून पोती मोजून घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तापातून उठलेला तरुण मुलगा दुसऱ्याच दिवशी जिममध्ये जाऊन वजने उचलू लागला तर त्याला दटावण्याचा अधिकार घरातील वडीलधाऱ्यांनी जरूर बजावावा.

औषध

हृदयावरणदाहावर प्रथम दाहशामक औषध देतात, म्हणजे ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन, तेही डोकेदुखीला घेतो त्यापेक्षा बऱ्याच मोठ्या मात्रेत व दिवसातून तीन वेळा. ज्यांना रोहिण्यांचा विकार आहे त्यांना सहसा ॲस्पिरिनच देतात. ही औषधे आपल्या मनाने सुरू करू नयेत, याचे आपल्या प्रांतांत एक विशेष कारण आहे. ताप डेंग्यूचा असेल तर त्यांच्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. पावसाळ्यात डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज दुसरे काही घेऊ नये.

जोडीला कोल्चिसीन. या औषधाचा इतिहास व्यापाऱ्यालाही रस वाटावा असा आहे. केशराच्या फुलासारख्या दिसणाऱ्या कोल्चिकम वनस्पतीचा उपयोग सहाव्या शतकापासून वातरक्तावर होत आला. १८२० साली पेलतिये व काव्हान्तू या फ्रेंच रसायनज्ञांनी तिच्यातील तत्त्व वेगळे काढले. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर तांबड्यापिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी हिच्या कंदात व बियांत हेच द्रव्य असते, आणि तामिळनाडूत तिची लागवड करून बिया औषधी कारखान्यांसाठी परदेशी पाठवितात. कोणी कळलावीचा काढा सुचविला तर मात्र त्याला दारातूनच परत पाठवावे. तो कंद जीवघेणा विषारी आहे. औषध म्हणून कोल्चिसीनची मात्रा अर्ध्या मिलिग्रॅमच्या हिशेबात असते. इटलीतील मासिमो इमाझिओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २४० रोग्यांवर केलेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या उपचाराला तीन महिने कोल्चिसीनची जोड दिलेल्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांना, तर जोड न दिलेल्यांपैकी सुमारे ३८ टक्क्यांना आजार रेंगाळण्याचा किंवा उलटण्याचा अनुभव आला. जुलाब हा याचा मुख्य त्रास. मूत्रपिंडे दुर्बल असल्यास, किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे काही अँटिबायोटिक चालू असल्यास, ते अंगात साचून घातक ठरू शकते. म्हणून चालू असलेल्या प्रत्येक औषधाची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. स्टेरॉइडने दोन दिवसांत चमत्कार दिसतो, पण ते पहिलेच हत्यार म्हणून उपसल्यास आजार उलटण्याचे प्रमाण वाढते. अनुभवी डॉक्टर ते मागे ठेवतात, त्यांना मागासलेले समजू नये.

आपल्या समाजाच्या दृष्टीने येथे काही व्यावहारिक प्रश्न उद्भवतात. मोठ्या मात्रेतील दाहशामक औषध रिकाम्या पोटी घेतल्यास जठरात व्रण होतो, आणि पाण्यावाचून राहिलेल्या शरीरात ते मूत्रपिंडांना अपाय करते. दशलक्षण किंवा पर्युषणाच्या दिवसांत हा आजार झाला, अथवा रोगी नित्य चौविहार पाळणारा असला, तर ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावी. पुष्कळ जण संकोचाने सांगत नाहीत, रात्रीची मात्रा गुपचूप चुकवितात, आणि चौथ्या दिवशी कळ परतली की औषधाला दोष देतात. आधी कळले तर सूर्यास्तापूर्वीच्या मात्रांचे वेळापत्रक बसविता येते किंवा दिवसातून एकदाच घ्यावयाचे औषध शोधता येते. उपवासाचा विचार आपल्या गुरुजनांशी बोलून ज्याचा त्याने करावा. जठराच्या रक्षणासाठी दिलेली कॅप्सूल जिलेटिनची असल्यामुळे नको असेल, तर पॅन्टोप्राझोल गोळीच्या रूपात मिळते. कोल्चिसीनचीही गोळीच असते.

औषध थांबविण्याची घाई ही सर्वांत मोठी शत्रू. वेदना तिसऱ्या दिवशी जाते, पण दाह तेवढ्यात विझलेला नसतो. येथे सीआरपी खऱ्या अर्थाने कामाचा ठरतो. तो दर आठवड्याला, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत व एकाच मापात पाहावा, आणि तो निर्दोष झाल्यावरच दाहशामकाची मात्रा पायरीपायरीने उतरवावी. बहुतेकांचा आकडा एक ते चार आठवड्यांत खाली येतो. पहिल्या आजारानंतर दर शंभर रोग्यांपैकी पंधरा ते तीस जणांना तो पुन्हा उद्भवतो, विशेषतः औषध अर्धवट सोडणाऱ्यांना. पिशवीत द्रव झपाट्याने साचू लागला तर हृदयाला फुलण्यास जागा उरत नाही. मानेच्या शिरा फुगतात, रक्तदाब उतरतो, जीव घाबरा होतो. असे झाल्यास सुईने द्रव काढावा लागतो आणि तेथे घटकांचा हिशेब असतो.

आपल्या रविवार पेठेतील गृहस्थांच्या बाबतीत समजा असे ठरले: ईसीजीत हृदयावरणदाहाचे बदल, ट्रोपोनिन दोन्ही वेळा निर्दोष, एकोमध्ये थोडासा द्रव, सीआरपी प्रतिलिटर ६४ मिलिग्रॅम. त्यांना दाहशामक व कोल्चिसीन सुरू झाले. आठवड्याने सीआरपी १८, आणखी एका आठवड्याने ४. ईएसआर मात्र अजून ३५ आहे, आणि मामांचा इंदूरहून पुन्हा दूरध्वनी आला आहे की तो कागद एखाद्या मोठ्या डॉक्टरांना दाखवावा. त्याची गरज नाही. दुसऱ्या एकोची तारीख तेवढी चुकवू नये, कोल्चिसीन ठरलेले तीन महिने घ्यावे, आणि गोदामाच्या किल्ल्या तूर्त धाकट्या भावाकडेच असू द्याव्यात.